वरकड विजेचा फेस

आमच्या छपरावर 6.6 किलोवॉटचे सोलर पॅनेल आहेत आणि ते बसवल्यापासून घरात कुणाला दुपारची झोप लागलेली नाही. मेलबर्नमध्ये राहणारा मराठी माणूस पूर्वी सुट्टीच्या दिवशी जेवून आडवा व्हायचा. आताही होतो, पण छातीवर मोबाइल ठेवून. मोबाइलमध्ये इन्व्हर्टरचं ॲप. ॲपमध्ये एक सूर्य, एक घर, एक विजेचा खांब आणि त्यांच्यामधून पळणारे बाण. सूर्याकडून घराकडे बाण पळतोय तोवर प्रश्न नाही. घराकडून खांबाकडे हिरवा बाण सुटला की पोटात तुटतं. ऊन आपल्या छपरावरचं, पॅनेल आपले, हप्ता आपला, आणि वीज चालली कंपनीला, जवळजवळ फुकट.

जवळजवळ फुकट हे मी रागाच्या भरात म्हणत नाही. व्हिक्टोरिया राज्यात 2009 साली ग्रिडला दिलेल्या प्रत्येक युनिटमागे 60 सेंट देण्याची योजना निघाली होती. पुढे नव्या लोकांसाठी दर उतरत गेला. 2024-25 ला किमान दर 3.3 सेंट होता. 2025-26 साठी नियामक आयोगाने तो ठरवला 0.04 सेंट. डॉलर नव्हे, सेंट. आणि चारच्या आधीचं ते शून्य छपाईची चूक नव्हे. कारण उघड आहे. भर दुपारी सगळ्यांच्याच छपरावर ऊन असतं, सगळ्यांकडेच वीज उरते आणि घाऊक बाजारात भाव कधीकधी शून्याच्या खाली जातो. हे सगळं मला समजतं. पण समजलं म्हणून पोटात तुटायचं थांबत नाही. ताटातलं शेवटचं शीत संपवल्याशिवाय उठू न देणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला भर उन्हात वीज वाया जाताना बघवत नाही.

दोन घरं सोडून एक ऑस्ट्रेलियन आजोबा राहतात. ते 60 सेंटवाल्या पिढीतले. त्यांचा तो दर ठरल्याप्रमाणे 1 नोव्हेंबर 2024 पर्यंत चालू होता आणि तोवर आजोबांनी दिवसा घरात दिवा म्हणून लावला नाही. नातवंडं आली तर त्यांना बागेत पिटाळायचे. टीव्ही लावणं म्हणजे 60 सेंटांना काडी लावणं. मग नोव्हेंबर उजाडला, तनखे बंद झाले, संस्थान खालसा झालं. आता आजोबा दुपारी एसी लावून, दार उघडं टाकून व्हरांड्यात बसतात. मी त्यांच्यापाशी दराचं रडगाणं लावलं तेव्हा हातातला ग्लास उंचावून ते म्हणाले, “अरे, वीज विकायची नसते. प्यायची असते.”

ग्लासात त्यांनी स्वतः घरी गाळलेली बिअर होती. इथे 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला कायदा बदलून घरच्या घरी बिअर गाळायला मोकळीक मिळाली, आणि आजोबांनी तेव्हापासून त्या मोकळिकीचा अपमान होऊ दिलेला नाही. (दारूची भट्टी मात्र इथेही परवान्याशिवाय लावता येत नाही. हे वाक्य माझ्या सासऱ्यांसाठी आहे.)

तसा मी या क्षेत्रात नवखा नाही. विद्यार्थिदशेत आम्ही चौघांनी मिळून हा उद्योग केलेला होता. तेव्हा पद्धत सोपी होती. माल्टच्या पाकाचा डबा आणायचा, त्यात किलोभर साखर, बादलीभर पाणी, वरून यीस्ट, आणि देवावर भरवसा. आंबणं पुरतं संपायच्या आत बाटल्यांत भरलं तर आतला वायू वाढत जातो, हे डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. आमच्या बाटल्या एका रात्री लाँड्रीत एकामागून एक फुटल्या. भाड्याच्या घराचं छत, रूममेटचा मुलाखतीचा कोट आणि आमची मैत्री, तिन्ही चिकट झालं. त्या रात्रीनंतर मी बिअर दुकानातूनच आणत आलो.

पण आता मुद्दा बिअरचा नव्हताच. मुद्दा तत्त्वाचा होता. मी 35 लिटरचं, 2400 वॅटचं, स्टीलचं इलेक्ट्रिक पिंप आणलं. सोबत माल्टचं पोतं, हॉप्सची पाकिटं, थंड करायची गुंडाळी, हायड्रोमीटर आणि निर्जंतुक करायचं एक फेसाळ रसायन.

“किती झाले?” बायकोने विचारलं.

“वीज फुकट आहे ना पण.”

“मी पिंपाचं विचारतेय.”

“अगं, वीज वाया जातेय.”

“मग सरकार सवलत देतंय तर बॅटरी बसवू. दुपारची वीज रात्री वापरू.”

“बॅटरी महाग असते,” मी म्हणालो आणि पिंपाचा खोका तिच्या नजरेआड सरकवला.

नेमके त्याच आठवड्यात सासू-सासरे नाशिकहून आले. नाना, म्हणजे सासरे, वीज मंडळातून ज्युनिअर इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. गळ्यात तुळशीची माळ, आयुष्यभर चहापलीकडे व्यसन नाही. नोकरीची शेवटची वर्षं भारनियमनाच्या काळात गेली; रात्री-अपरात्री शेतकऱ्यांचे फोन घेऊन “बारा वाजता येईल” असं सांगण्यात केस पांढरे झाले. अशा माणसाला मी पहिल्याच दिवशी हौसेने सांगितलं, की इथे दुपारी विजेचा भाव उणे होतो.

“उणे म्हणजे?”

“म्हणजे वीज घेणाऱ्यालाच पैसे मिळतात, नाना.”

नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग सासूबाईंकडे वळून म्हणाले, “यांना विमानतळावर आपल्याला घ्यायला यायचं म्हणून रात्रभर जागरण झालंय. झोपू दे त्यांना.”

तर आता या माळकरी गृहस्थासमोर बिअर कशी उकळायची? मी सत्याला धरूनच राहायचं ठरवलं. शनिवारी सकाळी सासूबाईंनी विचारलं, “हे काय मांडलंय?” म्हटलं, “जव उकळतोय.”

“जवाचं पाणी? चांगलं हो. मूतखड्याला फार गुणकारी. नानांनाही द्या पेलाभर.”

जव शब्दशः खरा होता. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेला जव. सासूबाईंनी मूठभर घेऊन चावून बघितला आणि “नाचणीला आम्ही असेच मोड आणतो, पण इतकं भाजत नाही” असा अभिप्राय दिला. मोड आल्यावर धान्यात जी विकरं तयार होतात, ती 65 ते 67 अंशांच्या पाण्यात तासभर ठेवली की पिष्टाची साखर करतात. दोन अंश वर गेलं की बिअर जाडसर होते, फार खाली राहिलं की काम रेंगाळतं. म्हणजे तासभर पारा एका जागी हवा. आणि मी हे काम मेलबर्नच्या ऑक्टोबरमधल्या उन्हावर सोपवलं होतं, ज्या शहरात एका दिवसात चार ऋतू होतात असं लोक अभिमानाने सांगतात.

दहा वाजता लख्ख ऊन. पिंप सुरू. हिरवा बाण आटला, सगळी वीज पिंपात. मनाला जी शांती लाभली ती शब्दांत सांगता येणार नाही. पंधरा मिनिटांत ढग. बाण लाल. लाल म्हणजे आपण ग्रिडकडून घेतोय, आणि घेतानाचा दर 0.04 सेंट नसतो. मी पळत जाऊन पिंप बंद केलं. ऊन आलं, चालू केलं. ढग, बंद. असं होता होता माझ्या लक्षात आलं, की ऊन असूनही बाण लाल आहे. आत जाऊन बघतो तर वॉशिंग मशीन चालू, डिशवॉशर चालू, ओव्हनमध्ये मुलीचा केक, आणि गीझरनेही मुहूर्त साधलेला.

“माझी वीज कोण वापरतंय?”

“तुझी?” बायको म्हणाली. “दुपारी ऊन असताना मशीन लावत जा, असं वर्षभर कोण डोकं खातंय?”

मग घरात नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा असा पाणीतंटा पेटला. धरणाच्या उशाशी असलेले म्हणतात आधी आमचं आवर्तन, शेवटच्या टोकाचे म्हणतात आमच्यापर्यंत पोचतच नाही. मी टोकाचा. माझं पिंप गॅरेजात.

आरडाओरडा ऐकून नाना बाहेर आले. त्यांनी ॲप बघितलं, मेन स्विचबोर्ड बघितला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळला. ते आत गेले, वही घेऊन आले, पट्टीने रेघा मारल्या. दर पंधरा मिनिटांचं रीडिंग. डावीकडे निर्मिती, मध्ये वापर, उजवीकडे शेरा. शेऱ्याच्या रकान्यात “ढग”, “अंशतः ढग”, “मुलीचा केक”. अर्ध्या तासात फ्रिजवर घरगुती भारनियमनाचं वेळापत्रक लागलं: गीझर 11 ते 12, कपडे 12 ते 1, जव 1 ते 3. कुणी मोडलं तर नाना थेट एमसीबी पाडायचे आणि बोर्डावर खोक्याचा पुठ्ठा लटकवायचे: “काम चालू आहे. स्विच लावू नये.” सासूबाईंचा मिक्सर चटणी अर्धवट असताना दोनदा थांबला. घरात ज्यांना कुणी चहाचा कप उचलताना बघितलं नव्हतं ते नाना दिवसभर गॅरेज ते किचन फेऱ्या मारत होते.

एकच्या ठोक्याला मला माझा भार मिळाला. जव गाळून काढला, रस उकळायला ठेवला. उकळी फुटायच्या बेतात त्यावर तपकिरी साय धरते. त्याच वेळी त्यात हॉप्स टाकले तर काय होतं, हे पुस्तकात “जपून” या एका शब्दात लिहिलेलं आहे. मी टाकले आणि रस उतू गेला. नुसता गेला नाही. पिंपावरून फरशीवर, फरशीवरून दाराखालून बाहेर, आणि आजोबांच्या ड्राइव्हवेच्या दिशेने. दूध उतू जाताना निदान बायका धावतात. इथे धावले फक्त नाना, आणि तेही रीडिंग घ्यायला.

“जावईबापू, हा हिरवा पाला कसला?”

“हॉप्स, नाना. वेलीची फुलं.”

“कुठली वेल?”

मी खोटं बोललो नाही. “भांगेच्या कुळातली.”

नानांनी वहीचं पेन कानावर ठेवलं. वास घेतला. पिंपाकडे बघितलं, फर्मेंटरकडे बघितलं, यीस्टच्या पाकिटावर रंगवलेला फेसाळ ग्लास बघितला.

“परवाना आहे?”

“इथे घरी करायला लागत नाही.”

“आपल्याकडे 1949 च्या कायद्याने नुसतं प्यायलासुद्धा लागतो.”

आता युक्तिवादाशिवाय गत्यंतर नव्हतं. म्हटलं, “नाना, तुम्ही आयुष्यभर युनिटं मोजलीत. एका युनिटात 36 लाख जूल. तो जूल कोण होता माहितीय? जेम्स जूल, जन्म 1818, मँचेस्टरजवळच्या सॅलफर्डचा. बाप बिअरचा कारखानदार, आणि पोरगंही त्याच धंद्यात. कामाचं रूपांतर उष्णतेत किती होतं हे त्याने इतक्या बारकाईने मोजलं की बाकीच्या शास्त्रज्ञांना ते आकडे खरे वाटेनात. विजेचा आणि बिअरचा संबंध मी नाही जोडला, नाना. तो आधीच होता.”

नाना विचारात पडले. मग म्हणाले, “त्याच्या सासऱ्यांना माहीत होतं का?”

प्रकरण तिथेच मिटलं, कारण ढग आला आणि नाना बोर्डाकडे धावले.

उकळून झाल्यावर रस झपाट्याने थंड करावा लागतो, नाहीतर नको ते जंतू शिरतात. त्यासाठी तांब्याची गुंडाळी रसात बुडवून तिच्यातून नळाचं पाणी खेळवायचं. नळ चालू करून मी ॲपकडे बघत समाधानाने उभा होतो, तोच बायकोने विचारलं, “आणि हे पाणी कुठे चाललंय?” गटारात चाललं होतं. 2008 च्या दुष्काळात इथल्या सरकारने माणशी दिवसाला 155 लिटरची मर्यादा पाळा म्हणून मोहीम काढली होती. ती आकडेवारी बायकोला पाठ आहे, कारण तेव्हा ती नुकतीच इथे आली होती आणि आंघोळीला घड्याळ लावत होती. मग बादल्या आल्या. वीज वाया जाऊ नये म्हणून बिअर, बिअरचं पाणी वाया जाऊ नये म्हणून बागकाम. पहिली बादली मी घाईघाईने कढीपत्त्याला घातली. गुंडाळीतून पहिलं येतं ते पाणी कढत असतं. चार हिवाळे जपलेला कढीपत्ता फोडणीच्या आधीच शिजला.

बायको त्या रात्री माझ्याशी फक्त मुलीमार्फत बोलली.

पिंप रिकामं केल्यावर कळलं की जवाचा थोडा चोथा जाळीखाली घसरून तळाला लागला होता. लोखंडी घासणी, चिंच, व्हिनेगर, सोडा, यूट्यूब, सगळं झालं. तळाचा काळा नकाशा अजून आहे. वरचा चोथा मात्र पाचेक किलो ओला निघाला. टाकायचा? या घरात? सासूबाईंनी तो उन्हात वाळवला, मिक्सरला लावला (12:40 ते 12:55, नानांच्या परवानगीने) आणि थालीपिठाच्या भाजणीत मिसळला. थालीपीठ खमंग झालं. फक्त जवाची टरफलं दळली जात नाहीत. सगळे जण गप्प बसून, डोळ्यांत पाणी आणून, ताक पीत पीत जेवले. उरलेलं पीठ आजोबांच्या कोंबड्यांना दिलं. त्याही विचार करून खात होत्या.

आता खरा विनोद सांगतो. बिअर आंबताना साधारण 18 ते 20 अंश लागतात. इथे वीज उरते उन्हाळ्यात, आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो; म्हणजे फर्मेंटर जुन्या फ्रिजात ठेवावा लागतो. फ्रिज दिवसा फुकट चालतो, रात्री विकतच्या विजेवर. हिवाळ्यात थंडी सोयीची, पण ऊन नाही, म्हणून पिंप विकतच्या विजेवर. एकूण सूर्याने या योजनेला कुठल्याच ऋतूत पाठिंबा दिलेला नाही.

ऑक्टोबर मात्र मधला. फ्रिज नको, म्हटलं, फर्मेंटर कोपऱ्यात राहू दे. झाकणावरच्या नळीतून दुसऱ्या दिवशी बुडुक बुडुक बुडबुडे सुरू झाले. सासूबाईंना तो आवाज ओळखीचा. इडलीचं पीठ, ढोकळा, कांजी, सगळ्याला आंबवायचा त्यांचा हात बसलेला. रात्री गार वाटलं म्हणून त्यांनी मायेने फर्मेंटरला गोधडी गुंडाळली. आंबताना तो रस स्वतःच तापत असतो. सकाळी पारा 27 वर. यीस्टला फार उबारा मिळाला की ते फळांचे वास सोडतं. आमच्या बिअरला पिकलेल्या केळ्याचा घमघमाट सुटला.

“शिकरण करायचं होतं का तुम्हाला?” सासूबाईंनी विचारलं.

बाटल्या भरायच्या दिवशी मात्र मी हायड्रोमीटर दोन दिवस तोच आकडा दाखवतोय याची खात्री केली. नानाही वाकून आकडा बघत होते. एकही बाटली फुटली नाही. पंधरवड्याने आजोबांना बोलावलं. त्यांनी घोट घेतला, डोळे मिटले, आणि इथली माणसं एखाद्याचं मन राखायचं असलं की जो शब्द वापरतात तो वापरला: “इंटरेस्टिंग.” मग दुसरा ग्लास मागितला. मी दोन ग्लास प्यालो. चव सांगायची तर केळं, थोडा करपट धूर आणि शेवटी अभिमान.

नानांनी अर्थात थेंबही घेतला नाही. पण परतायच्या आदल्या रात्री त्यांनी वही मिटून अंतिम अहवाल दिला. “एका वेळेला पिंप साधारण पाच युनिटं खातं. पाच गुणिले 0.04 म्हणजे 0.2 सेंट. तुम्ही वर्षाचे 365 दिवस रोज बिअर उकळलीत, तर कंपनीच्या हाती जाण्यापासून किती रुपये वाचवाल?”

“किती?”

“73 सेंट. डॉलरसुद्धा नाही, जावईबापू.”

“पण वाया तर गेली नाही ना वीज?”

यावर नानांनी मान डोलावली. आयुष्यभर लोकांना वीज नाही म्हणून सांगणारा माणूस. त्यालाच हे कळणार.

ते गेले आणि मार्चमध्ये एका दुपारी फोन आला. नानांनी पंतप्रधान सूर्यघर योजनेतून छपरावर तीन किलोवॉट बसवले होते, 78,000 रुपये अनुदान जमाही झालं होतं, आणि आवाज माझ्या ओळखीचा होता. छातीवर मोबाइल ठेवलेल्या माणसाचा.

“जावईबापू, आमच्याकडेही दुपारी वीज उरायला लागलीय. जास्तीची युनिटं मीटर जमा धरतो म्हणा, पण डोळ्यांदेखत जाते ना. ते तुमचं पिंप 2400 वॅटचंच ना?”

“नाना! माळ?”

“गळ्यातच आहे. हिला कुरडयांचा चीक शिजवायचाय. गहू तीन दिवस भिजतोय, वास तुमच्या गॅरेजसारखाच येतोय.”

“चीक तळाला लागेल, नाना. माझा जव लागला होता, अजून निघालेला नाही.”

मागून सासूबाईंचा आवाज आला, “म्हणावं ढवळायला माणूस आहे आमच्याकडे!”

“कोण माणूस?” मी विचारलं.

नानांनी विषय बदलला. “कुरिअरला किती पडतील?”

मी तिथल्या तिथे वजन टाकून हिशेब काढला. नाशिकपर्यंत पोचवायचा खर्च नव्या पिंपापेक्षा जास्त होता. तसं नानांना सांगणार, तोच बायकोने फोन माझ्या हातातून घेतला.

“नाना, उद्याच पाठवते,” ती म्हणाली. “कुरिअरचे पैसे मी देतेय.”